हिवाळाभर बोटीवर: फॅल्मथला थांबायचं तर कसं राहायचं

फॅल्मथहून स्पेनला निघालेली तुमची बोट दिवाळी आली तरी फॅल्मथलाच असेल, तर ती आता मे महिन्यापर्यंत इथेच राहणार, हे आधी मनाशी पक्कं करा. ते पक्कं न केलेल्या लोकांचे हाल मी इथल्या पोंटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, दरवर्षी बघते. शिडं चढवलेलीच असतात, डिझेलचे कॅन डेकवर बांधलेले असतात, गाद्या ओल्या झालेल्या असतात. आतली माणसं रोज सकाळी फोनवर अंदाज बघून म्हणतात, "पुढच्या आठवड्यात जमेल बहुतेक." त्या बोटीवर प्रवासही होत नाही आणि संसारही होत नाही.

हिशोब सरळ आहे. फॅल्मथ म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं, कॉर्नवॉलमधलं बंदर. इथून बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनमधल्या ला कोरुन्याला जायचं तर ४२५ ते ४५० सागरी मैल पडतात. आमच्यासारख्या ३४ फुटी बोटीने ताशी ५ मैल कापले तरी साडेतीन-चार दिवस आणि तेवढ्याच रात्री लागतात. हिवाळ्यात अटलांटिकवरून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक येतात आणि दोन वादळांमधली उसंत पुष्कळदा दोन दिवसांचीही नसते. त्यात बिस्केचा तळ ४,००० मीटरहून खोल, तो किनाऱ्याच्या बाजूला झपाट्याने वर येऊन २०० मीटरच्या आत येतो. अख्खा अटलांटिक पार करून आलेली लांब लाट त्या चढावर आली की उंच आणि उभी होते. चार दिवसांची उघडीप हिवाळ्यात मिळतच नाही असं नाही. पण चौथ्या दिवसाच्या अंदाजावर जीव टाकावा इतका तो अंदाज या दिवसांत पक्का नसतो.

मी हर्णैची. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी समुद्राशी हट्ट करत नाही. इथे वाईट ऋतू हिवाळ्यात येतो, बोट पाण्यातच असते आणि माणसं बोटीत. म्हणून जी काही शाकारणी करायची ती आपण आत राहत असतानाच करावी लागते. ती कशी करायची, ते सांगते.

जागा निवडताना

वारा इथे बहुतेक नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा. त्याला फॅल्मथ शहर आणि मागच्या टेकड्या बऱ्यापैकी अडवतात. खरी धास्ती पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या वाऱ्याची, कारण तो उघड्या बाजूने थेट बंदरात शिरतो. जागा मागताना मरिनाच्या (बोटी बांधून ठेवायच्या तळाच्या) ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारा, की पूर्वेचा वारा सुटला तर इथे काय होतं? आणि तोच प्रश्न आजूबाजूच्या बोटींवर दोन-तीन वर्षं राहिलेल्या माणसांनाही विचारा. त्यांची उत्तरं जास्त उपयोगी पडतात.

तरंगतं पोंटूनच घ्या. उधाणाला इथे भरती-ओहोटीत जवळपास ५ मीटरचा फरक पडतो. दगडी धक्क्याला बोट बांधली तर दिवसरात्र दोर सैल-घट्ट करत बसावं लागेल. पोंटून पाण्याबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. बोयाला बांधून राहणं स्वस्त पडतं, पण वादळात छोट्या होडीतून, डिंगीतून, किनाऱ्यावर ये-जा करायची हे हिवाळ्यातलं राहणं नव्हे. जमलं तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पश्चिमेकडे येईल अशी जागा घ्या, म्हणजे केबिनच्या दारातून पाऊस आत येत नाही.

सगळ्याच मरिनांत बोटीवर राहायला परवानगी नसते. ती लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा की हिवाळ्यात बोट पाण्यात असेल आणि आम्ही आत राहत असू. या दोन कागदांशिवाय बाकी काही करू नका.

दोर

दोर नायलॉनचाच हवा. नायलॉन ताणला की लांबतो आणि झटका स्वतः खातो. त्यामुळे तो झटका बोटीच्या क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवर, येत नाही. आमच्या मापाच्या बोटीला १४ ते १६ मिलिमीटर जाडीचा, तीन पदरी पिळाचा. स्वस्त निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने कुजतो, तो बोट बांधायला वापरू नका.

नाळेकडे एक, मागे एक, आणि दोन तिरपे दोर, ज्यांना सगळे स्प्रिंग म्हणतात: एक नाळेकडून मागे जाणारा, एक मागच्या बाजूने पुढे जाणारा. बोटीचं पुढेमागे सरकणं हे तिरपे दोरच थांबवतात, म्हणून ते जितके लांब तितके चांगले. हिवाळ्यासाठी हे सगळे दुहेरी करा. मात्र दुसरा दोर त्याच क्लीटवर पहिल्याच्या डोक्यावर चढवू नका. बोटीवर आणि पोंटूनवर, दोन्हीकडे त्याला वेगळी जागा द्या आणि तो किंचित सैल ठेवा. पहिला तुटला किंवा क्लीटच उखडली, तर दुसऱ्याने ओझं घ्यायचं. दोराचा फास पोंटूनकडे आणि मोकळं टोक बोटीकडे ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता दोर सोडायचा-ओढायचा झाला तर डेकवरूनच जमतं.

आता घासणं. वादळात दोर बहुतेक मधोमध तुटत नाही. तो जिथे बोटीच्या काठावरून वळतो, तिथे तुटतो. पुष्कळ जण त्या जागी प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवतात. मला ती नळी पसंत नाही. नायलॉन सतत ताणला-सुटला की आतून तापतो, आणि नळीमुळे पावसाचं पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, उष्णता आतच कोंडते. त्यापेक्षा चामड्याची पट्टी शिवून घ्या, किंवा आगीच्या बंबाच्या जुन्या कापडी पाइपाचा तुकडा चढवा. प्रत्येक वादळानंतर तो सरकवून खालचा दोर उघडा करा. दोन्ही हातांनी पीळ उलटा फिरवून पदर वेगळे करा आणि आत बघा. बाहेरून लव आल्यासारखा केसाळ झालेला दोर अजून बराच काळ चालतो. पण आतल्या बाजूचे धागे चकचकीत, कडक आणि एकमेकांना चिकटलेले लागले, बोटाखाली खरखर जाणवली, तर तो दोर वितळायला लागला आहे. तो कितीही नवा असला तरी उतरवा.

फेंडर, म्हणजे बोट धक्क्यावर घासू नये म्हणून लावायचे हवेचे फुगे, जितके मिळतील तितके लावा. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: शेजारच्या बोटीची डोलकाठी आणि आपली डोलकाठी एका रेषेत येऊ देऊ नका. दोन्ही बोटी डुलायला लागल्या की वरच्या आडव्या काठ्या एकमेकींवर आपटतात. बोट दोन-तीन फूट पुढे-मागे घेतली की हा धोका टळतो.

डेकवरचं सगळं खाली

शिडं काढा. गुंडाळून बांधून ठेवायची नाहीत. काढून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, घडी घालून खाली न्यायची. पुढचं गुंडाळलेलं शीड वाऱ्याने एका कोपऱ्यातून सुटतं, मिनिटभरात पूर्ण उघडतं, आणि मग ते फाटेपर्यंत किंवा बोट दोर तोडेपर्यंत थांबत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी १७ मैलांच्या वाऱ्यात नीट बसणारी गाठ ३४ मैलांच्या वाऱ्यात चौपट ताणली जाते, आणि बोफोर्ट मापातला आठ नंबरचा वारा तर तिथूनच सुरू होतो. (हे मैल सागरी, म्हणजे नॉट.)

कॉकपिटवरचं, म्हणजे सुकाणूच्या उघड्या जागेवरचं, कापडी छत काढा. डिंगी उलटी करून बांधा किंवा हवा काढून आत घ्या. डोलकाठीवरून येणारे दोर काठीपासून दूर ओढून बाजूला बांधा. नाहीतर ते रात्रभर ठणाणा वाजतात. तुमची झोप जाते आणि शेजाऱ्यांचीही. पवनचक्की असेल तर तिची पाती बांधून टाका.

वारा वाचणं

ब्रिटनचं हवामान खातं, मेट ऑफिस, समुद्राचा अंदाज दिवसातून चार वेळा काढतं. फॅल्मथ 'प्लिमथ' या सागरी पट्ट्यात येतं, आणि किनाऱ्यालगतच्या अंदाजात 'लाइम रीजिस ते लँड्स एंड' या भागात. पण फक्त आपला पट्टा ऐकू नका. पश्चिमेचा 'सोल' आणि त्याच्या दक्षिणेचा 'फिट्झरॉय' हेही ऐका, कारण उद्याचा वारा आज तिथे असतो. फिट्झरॉय म्हणजे १८५४ मध्ये हे खातं सुरू करणारे अधिकारी. 'रॉयल चार्टर' हे जहाज १८५९ च्या वादळात बुडाल्यावर त्यांनी १८६१ पासून बंदरांना वादळाची सूचना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो ना, त्याच जातीची ही व्यवस्था.

अंदाजातले शब्द मोजून वापरलेले असतात. वादळ 'इमिनंट' म्हटलं तर सहा तासांच्या आत. 'सून' म्हटलं तर सहा ते बारा तासांत. 'लेटर' म्हटलं तर बारा तासांनंतर. 'लेटर' ऐकलं की दोर बघायचे, 'सून' ऐकलं की स्वयंपाक उरकायचा, 'इमिनंट' ऐकलं की बोटीवरच राहायचं का किनाऱ्यावर जायचं हे ठरलेलं असायला हवं.

केबिनमध्ये वायुभारमापक टांगा आणि सकाळ-संध्याकाळ त्याचा आकडा वहीत लिहा. फोनमध्ये आलेख मिळतो, तरीही लिहा. हाताने लिहिलं की घसरण चटकन लक्षात येते. तीन तासांत ६ हेक्टोपास्कलहून जास्त दाब उतरला, तर अंदाज काहीही म्हणो, तयारीला लागा. कमी दाबाचं क्षेत्र जवळ येताना वारा आधी आग्नेयेकडून किंवा दक्षिणेकडून येतो, मग थंड हवेचा पट्टा ओलांडून गेला की झटकन फिरून पश्चिमेकडून, वायव्येकडून यायला लागतो. म्हणजे फॅल्मथला उघड्या बाजूचा वारा सुरुवातीलाच येतो. आणि वारा फिरला की आतापर्यंत सैल पडलेल्या दोरांवर एकदम ओझं येतं. म्हणून सगळ्या बाजूंचे दोर आधीच तपासलेले हवेत.

२०१५ पासून इथे मोठ्या वादळांना नावं देतात. १८ फेब्रुवारी २०२२ ला आलेल्या 'युनिस'मध्ये आयल ऑफ वाइटच्या नीडल्स टोकावर ताशी १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. हवामान खात्याचा सगळ्यात वरचा, लाल इशारा लागला की बोटीवर थांबू नका. दोर दुहेरी आहेत, शिडं खाली आहेत, मग आत बसून तुम्ही करणार काय? मित्राकडे जा, खोली घ्या. पोंटूनवर चालणंच अशा वेळी सगळ्यात धोक्याचं असतं. साध्या आठ-नऊ नंबरच्या वाऱ्याला आम्ही बोटीवरच राहतो: टॉर्च उशाशी, अंगावर कपडे, बूट दाराशी, आणि दर तीन तासांनी डेकवर एक फेरी. त्या फेरीत दोर हाताने चाचपायचे. नुसता टॉर्चचा उजेड पाडून परत यायचं नाही.

ओल

वादळ रात्रभराचं असतं. ओल सहा महिन्यांची. लोक हिवाळ्यात बोट सोडून जातात ते बहुतेक ओलीला कंटाळून; वाऱ्याला घाबरून जाणारे थोडे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पाणी कुठून येतं ते आधी समजून घ्या. छत गळत असेल तर ते वेगळं, ते शोधून बुजवा. पण अगदी न गळणाऱ्या बोटीतही भिंती पाझरतात, कारण पाणी आपणच आत तयार करत असतो. आपला श्वास, ओले कोट, भाताची वाफ. आणि गॅस! एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. ही उबदार दमट हवा फायबरच्या थंड भिंतीला, हॅचच्या (छतातल्या झडपेच्या) अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला टेकली की तिथे थेंब धरतात. धुराडं नसलेला रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर लावून बोट सुकवायला जाणं म्हणजे पाणी ओतून लादी पुसणं.

उपाय तीन, आणि तिन्ही एकदम हवेत: कोरडी ऊब, वारं खेळतं ठेवणं, आणि हवेतलं पाणी काढून बाहेर टाकणं.

पाणी काढायला डीह्युमिडिफायर घ्या, तोही शोषक चाकाचा. कॉम्प्रेसरवाला उबदार घरात चांगला चालतो, पण १०-१२ अंशांच्या केबिनमध्ये त्याचा दम निघतो. चाकावाला थंडीतही काम करतो आणि वर कोमट हवा सोडतो. त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा, म्हणजे टाकी भरून तो बंद पडायला नको. आर्द्रता मोजायचा छोटा काटा भिंतीवर लावा आणि ६० ते ६५ टक्क्यांच्या आत ठेवायचं हे ध्येय धरा.

गाद्या. रात्री अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली जातो, खालच्या प्लायवूडला लागतो, आणि तिथे थंड होऊन पाणी होतो. वरून गादी कोरडी ठणठणीत दिसते. ती उचला, खाली हात फिरवा: फळी ओली, आणि आठवडाभर न उचललेली असेल तर काळे ठिपके. गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा जाड प्लॅस्टिकची जाळी घाला, बोटभर हवा खेळली पाहिजे. आणि रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की गाद्या उभ्या करायच्या. आमच्याकडे हे दात घासण्याइतकं नेमाचं आहे.

कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवा. कपडे भिंतीला टेकवून रचू नका. मध्ये दाट फोमची चटई लावा, तंबूत झोपायला वापरतात तसली चालते. हॅचच्या चौकटीवर फोमची पट्टी चिकटवा आणि काचेखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा दुसरा पडदा बसवा; रात्री तोंडावर थेंब पडणं त्याच दिवशी थांबतं. काळी बुरशी दिसली तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, आणि पुसून झाल्यावर ती तिथेच का आली ते शोधा. बहुतेक वेळा तिथे हवा पोचत नसते.

ओले कपडे बोटीत वाळत घालायचे नाहीत. याला अपवाद नाही. मरिनाच्या किंवा गावातल्या लॉन्ड्रीत ड्रायरचे पैसे मोजा. भिजलेला कोट कॉकपिटमध्येच उतरवा.

ऊब, गॅस आणि विषारी वायू

किनाऱ्याची वीज असेल तर तेलाचा छोटा रेडिएटर सगळ्यात सुरक्षित. पंख्याचा हीटर चालू ठेवून बाहेर जाऊ नका. वीज गेली तर डिझेलचा हीटर हवा, जो जळायची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. दोन किलोवॉटचा हीटर ताशी पाव लिटरच्या आसपास डिझेल खातो. तो सारखा मंद ठेवला की आत काजळी धरते, म्हणून रोज थोडा वेळ पूर्ण जोरात चालवा. धुराच्या नळीचे सांधे हिवाळ्याच्या सुरुवातीला हाताने तपासा.

गॅसची शेगडी खोली गरम करायला पेटवू नका. कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि माणसाला वाटतं सर्दी-ताप आला. मग तो झोपतो. एक अलार्म झोपायच्या जागी उशीच्या उंचीला, एक हीटर असेल त्या केबिनमध्ये, आणि दर आठवड्याला बटण दाबून आवाज ऐकायचा. तो वाजला तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं, जाता जाता हॅच उघडायचे. थंडी लागते म्हणून हवेची भोकं कापडाने बुजवणारे लोक मी पाहिले आहेत. मी प्रत्येकाला जाऊन सांगते, ती आत्ताच्या आत्ता उघडा.

सिलिंडर निळा की लाल, हेही बघा. निळ्यात ब्युटेन असतो, जो उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे पारा शून्याकडे आला की तो द्रवच राहतो, वायू होत नाही आणि शेगडीवर ज्योत मरते. लाल सिलिंडरमधला प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. हिवाळ्याला लाल. दोन्ही वायू हवेहून जड, गळले तर बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साठतात, म्हणून काम झालं की सिलिंडरची चावी बंद.

वीज

पोंटूनवरचं कनेक्शन बहुतेक १६ अँपियरचं, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. हीटर आणि किटली एकदम लावली की उडतंच. केबल पूर्ण उलगडून ठेवा. वेटोळ्यात ती तापते. किनाऱ्याच्या विजेला महिनोन्‌महिने जोडलेल्या बोटीचे, बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड लवकर झिजतात, कारण अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी आपली जोडणी झालेली असते. ही झीज अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या.

चूल

आपल्या लोकांना इथे एक फायदा आहे, तो म्हणजे प्रेशर कुकर. झाकण घट्ट, वाफ कमी, गॅस कमी, आणि बोट हलली तरी सांडत नाही. मुगाची खिचडी एका शिट्टीवर आणून गॅस बंद करा, कुकर जाड घोंगडीत गुंडाळून ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात आपोआप मुरते. वादळाच्या दिवशी दुपारीच खिचडी करून थर्मासमध्ये भरून ठेवते, रात्री शेगडी पेटवायची वेळच येऊ नये म्हणून. बाकी कुळथाचं पीठ, सोडे, आमसुलं, लोणचं हे सगळं बोटीवर उत्तम टिकतं. पोहे, पापड, गोडा मसाला मात्र रबराच्या झाकणाच्या डब्यात. नुसत्या स्टीलच्या डब्यात दोन आठवड्यांत सादळतात. दही लागत नाही अशी तक्रार सगळ्यांची असते. विरजण लावलेलं भांडं डीह्युमिडिफायरच्या कोमट हवेसमोर ठेवा, सकाळी छान घट्ट लागलेलं असतं.

तळण नको. फराळाला चकली हवी असेल तर किनाऱ्यावर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात करा. उकळत्या तेलाची कढई आणि शेजारून जाणारी मोठी बोट, ही गाठ पडू देऊ नका.

पोंटून

हिवाळ्यात बोटीवर राहणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठा धोका रात्री बोटीवर चढताना-उतरताना असतो. फळ्या दवाने, शेवाळाने, कधी बर्फाने निसरड्या झालेल्या असतात, हातात पिशव्या असतात, आणि फेब्रुवारीत पाणी ९-१० अंशांचं असतं. एवढ्या थंड पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, माणूस हापापून पाणी ओढतो. तेव्हा पोहायचा प्रयत्न करू नका. डोकं मागे टाकून उताणे तरंगा आणि श्वास जागेवर येऊ द्या. इथल्या जीवरक्षक नौकांची संस्था, आरएनएलआय, हेच शिकवते. त्यानंतर हातापायांत जोर असतो तो जेमतेम दहा मिनिटं.

म्हणून अंधारात पोंटूनवर लाइफ जॅकेट घाला, फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत अंगाला बांधलेला ठेवा, आणि पोंटूनवरच्या शिड्या कुठे आहेत ते दिवसा पाहून ठेवा. सामान आधी डेकवर ठेवायचं, मग मोकळ्या हातांनी चढायचं. कोणी पडलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा, किंवा रेडिओवर चॅनेल १६.

रोजचं आणि आठवड्याचं

डिसेंबरात इथे दिवस आठ तासांचा, साडेचारच्या आत सूर्य मावळतो. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे ठरवलं नाही तर उजेड न बघताच दिवस जातो. दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं पेंडेनिसच्या टोकापर्यंत चालत जातो, पाऊस असला तरी. तिथून बाहेरचा समुद्र दिसतो, आणि लाट बघितली की अंदाजावरचा आकडा खरा वाटायला लागतो. हे चालणं चुकवू नका. चार भिंतींत, त्याही हलणाऱ्या, माणसं एकमेकांवर विनाकारण चिडतात.

रोज बिल्ज बघायचं. पाणी दिसलं तर बोटाने चाखायचं: गोडं असेल तर पाऊस किंवा आपली टाकी, खारट असेल तर समुद्र आत येतोय, आणि मग बाकी सगळं सोडून तेच शोधायचं. तळाचे व्हॉल्व आठवड्यातून एकदा उघडून-बंद करायचे, नाहीतर नेमके लागतील तेव्हा घट्ट बसलेले असतात. पाण्याची टाकी उबदार दिवशी भरून ठेवा, कडाक्याच्या थंडीत पोंटूनचे नळ गोठतात.

निघायचं कधी

संक्रांत झाली की दिवस मोठा होतोय हे जाणवतं आणि लोकांना हुक्की येते. मार्चमध्ये एखादा लख्ख आठवडाही येतो. त्या आठवड्यात शिडं चढवू नका. अ‍ॅनोड बदला, तळ घासून घ्या, डोलकाठीच्या तारा तपासून घ्या. मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहैली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याच फॅल्मथहून एकटे, न थांबता जगप्रदक्षिणेला निघाले ते १४ जून १९६८ ला, आणि २२ एप्रिल १९६९ ला परत इथेच आले. त्या शर्यतीच्या नियमातच निघायची मुदत १ जून ते ३१ ऑक्टोबर अशी ऋतू बघून बांधलेली होती.

मे महिन्यात अझोर्स बेटांवरचा जास्त दाब उत्तरेकडे पसरायला लागला, वायुभारमापक वर जाऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला, प्लिमथ, सोल, फिट्झरॉय आणि बिस्के या चारही पट्ट्यांत वादळाचा इशारा नसला, की दिवस बघायला लागा. वारा पडल्यावरही जुनी लाट दोन-तीन दिवस येत राहते, म्हणून वाऱ्याइतकंच लाटेच्या उंचीकडे लक्ष द्या. त्याआधी जवळच्याच हेलफर्ड नदीत एक रात्र आणि फोवीला एक रात्र अशा दोन छोट्या फेऱ्या कराच. सहा महिने न हललेल्या बोटीत काय काय सुटं झालंय, कुठल्या कपाटाचं दार उघडतं, इंजिनाचं पाणी नीट येतंय का, ते फॅल्मथच्या खाडीतच कळलेलं बरं.

आणि वादळाचे जादा दोर टाकून देऊ नका. गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा, उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, आणि हाताशी येतील अशा खणात ठेवा. ला कोरुन्याला धक्क्याला लागताना पहिल्यांदा तेच लागतील.